रॉक अँड रोलची मुळे ऐकायची कशी? नव्या श्रोत्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

रॉक अँड रोलच्या वाटेला जाणारा बहुतेक मराठी श्रोता एल्व्हिस प्रेस्लीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. माझेही तसेच झाले होते. पुढे कुतूहलाने मागे जायचे ठरवले, तेव्हा ‘पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते?’ या एकाच प्रश्नामागे मी दोन वर्षे घालवली. त्या प्रश्नाला उत्तर नाही. १९२२ साली ट्रिक्सी स्मिथ या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचा गीतप्रकार) गाणाऱ्या गायिकेच्या एका रेकॉर्डच्या नावातच ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे दोन्ही शब्द आहेत, पण तिचे संगीत वेगळे आहे. आणि ज्या रेकॉर्डमध्ये संगीत जवळपास तयार आहे, तिथे ते नाव नाही. म्हणून पहिल्याचा शोध सोडून द्यावा आणि एका आवाजातून दुसरा आवाज कसा निघाला हे कानाने पडताळावे. पुढे दिलेला क्रम त्यासाठीच आहे. तो सुमारे महिनाभर पुरेल. घाई करू नये.

सोबत काय हवे

चांगला हेडफोन ही पहिली गरज आहे. फोनच्या छोट्या स्पीकरवर खर्जातले आवाज जवळजवळ नाहीसे होतात आणि या संगीताचा निम्मा जीव पियानोच्या डाव्या हातात आणि उभ्या बेसमध्ये आहे. दुसरी वस्तू म्हणजे हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड. वाजवता येत नसले तरी चालेल, तीन कॉर्ड दाबता आल्या की पुरे. तिसरी वस्तू वही. प्रत्येक रेकॉर्डसाठी चार गोष्टी लिहाव्यात: ध्वनिमुद्रणाची तारीख, गाव व स्टुडिओ, वादकांची नावे, आणि रेकॉर्ड काढणारी कंपनी. ही माहिती अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाने ठेवलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सूचीत पुष्कळदा सापडते आणि ती सूची इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

१. आधी टाळी सुधारा

आपल्या कानाला समेची सवय असते. लहानपणी तबल्याच्या वर्गात पहिल्या मात्रेवर टाळी द्यायला शिकवलेले असते, भजनातही हात आपोआप तिथेच पडतो. या संगीतात चार मात्रांच्या बारमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात असतो. त्याला बॅकबीट म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देत ऐकलेत तर गाणे चुकीचे वाटणार नाही, पण ते जड वाटेल आणि त्याचा झोक कधीच कळणार नाही.

सरावासाठी वायनोनी हॅरिसचे ‘गुड रॉकिंग टुनाइट’ घ्या. हे गाणे मुळात रॉय ब्राउन याने १९४७ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये गायले आणि हॅरिसची रेकॉर्ड १९४८ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हॅरिसच्या रेकॉर्डमध्ये वादक प्रत्यक्ष टाळ्या वाजवतात, आणि त्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच पडतात. पायाने चारही मात्रा धराव्यात, हात फक्त त्या टाळ्यांबरोबर जुळवावेत. दोन-तीन दिवसांत शरीराला ते समजते. त्याआधी पुढच्या पायरीवर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पुढचे सगळे याच टाळीवर उभे आहे.

२. बारा बारचे आवर्तन मोजा

ब्लूजमधील सर्वांत प्रचलित साचा बारा बारचा आहे. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. एकतालाच्याही मात्रा बारा असतात म्हणून दोन्ही एकच समजण्याची चूक अनेक जण करतात. इथले बारा म्हणजे मात्रा नव्हेत.

हार्मोनियमवर पांढरी एक हा षड्ज धरा. पहिले चार बार सा-ग-प ही कॉर्ड दाबून ठेवा. पाचव्या आणि सहाव्या बारला म-ध-सा. सातव्या-आठव्याला परत सा-ग-प. नवव्या बारला प-नि-रे, दहाव्याला म-ध-सा, आणि अकरावा-बारावा पुन्हा षड्जावर. हे एकदा हाताने करून पाहिले की अर्ध्याहून अधिक जुनी गाणी कुठून निघतात आणि कुठे घरी येतात हे न सांगता कळू लागते. नवव्या बारला येणारा पंचम ही या आवर्तनाची सर्वांत ताणलेली जागा असते, आणि गायक बहुधा तिथेच कडव्याची शेवटची ओळ सुरू करतो.

याच पायरीवर गंधाराकडे लक्ष द्या. वाद्यांची कॉर्ड शुद्ध गंधाराची असते, पण गायक कोमल आणि शुद्ध यांच्यामधला कुठला तरी गंधार लावतो, खालून ओढत आणतो किंवा तिथेच हलवत ठेवतो. त्याला ब्लू नोट म्हणतात. पाश्चात्त्य पार्श्वभूमीच्या श्रोत्याला हे समजावून घ्यावे लागते. मींड आणि श्रुती ऐकलेल्या आपल्या कानाला ते पटकन सापडते, हा आपला मोठा फायदा आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाणी यासाठी घ्यावीत. मात्र त्यांच्यावर बारची मोजदाद करू नका. तो एकटाच गातो आणि वाजवतो, त्यामुळे मनाला येईल तिथे मात्रा वाढवतो किंवा सोडतो, आणि नवखा माणूस स्वतःचेच गणित चुकले असे समजून वैतागतो.

३. पियानोचा डावा हात वेगळा ऐका

बूगी-वूगी ही पियानो वाजवण्याची पद्धत आहे. डावा हात एका बारमध्ये आठ आघातांची फिरती चाल अखंड चालवतो आणि उजवा हात तिच्यावर स्वतंत्र खेळतो. पाइनटॉप स्मिथने डिसेंबर १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या रेकॉर्डमध्ये तो वाजवता वाजवता नाचणाऱ्यांना सूचना देतो, कधी थांबायचे, कधी हलायचे ते सांगतो. त्यावरून हे संगीत कुठल्या खोलीत आणि कोणासाठी वाजत होते ते स्पष्ट होते. पुढच्याच वर्षी तो एका नाचघरात गोळी लागून मेला.

त्यानंतर २३ डिसेंबर १९३८ ची न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील मैफल आली, आणि बूगी-वूगी प्रतिष्ठित श्रोत्यांपुढे पोहोचली. पियानोवादक पीट जॉन्सन आणि गायक बिग जो टर्नर तिथे होते आणि आठवडाभरातच त्यांनी ‘रोल एम पीट’ ध्वनिमुद्रित केले. ते तीनदा ऐका: एकदा फक्त डावा हात, एकदा फक्त उजवा, एकदा आवाज. टर्नर हा कॅन्सस सिटीच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये पेये देता देता गाणारा माणूस. त्याचा आवाज मायक्रोफोनची वाट न पाहता खोलीभर जाईल असा आहे. हा आवाज लक्षात ठेवा, तो पुढे १९५४ मध्ये परत भेटेल.

४. चर्चमधून आलेली गिटार

सिस्टर रोझेटा थार्प हिला वगळून सांगितलेला रॉक अँड रोलचा इतिहास अपुरा आहे असे माझे ठाम मत आहे. आर्कान्सामधील कॉटन प्लांट या गावी १९१५ मध्ये जन्मलेली ही स्त्री भक्तिगीते गाणारी, पण तिची साथ बूगी-वूगीची आणि गिटारचे तुकडे धारदार. ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे तिने १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले भक्तिगीत १९४५ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. शब्द बाजूला ठेवून ऐकले तर पुढे दहा वर्षांनी जे येणार आहे ते इथे जवळजवळ पूर्ण ऐकू येते.

तिचे एक चित्रीकरणही जरूर पाहा. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी तो कार्यक्रम झाला होता. पाऊस पडून गेलेला आहे, प्रेक्षक पलीकडच्या फलाटावर बसले आहेत, आणि ही बाई जाड कोट घालून गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून येते आणि रुळांपलीकडच्या त्या तरुणांना एकटीच्या जोरावर हलवते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिची नोंद व्हायला २०१८ साल उजाडले.

५. मोठा वाद्यवृंद लहान होताना

लुई जॉर्डन हा सॅक्सोफोनवादक आणि गायक. त्याच्या काळात पंधरा-वीस वादकांचे ताफे चालवणे महाग झाले होते. त्याने मोजक्या वादकांचा गट घेतला, त्यात बूगीची चाल ठेवली आणि वर चुरचुरीत बोलके गाणे घातले. या शैलीला जंप ब्लूज म्हणतात. १९४६ मधील ‘चू चू चबूगी’ अठरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षीच्या ‘एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ या गाण्याची सुरुवात कार्ल होगन या गिटारवादकाने वाजवलेली आहे. ती काही सेकंदांची सुरुवात वहीत ठळक लिहून ठेवा.

डेक्का कंपनीत जॉर्डनच्या रेकॉर्ड करवून घेणारा मिल्ट गॅबलर हाच १२ एप्रिल १९५४ रोजी न्यू यॉर्कमध्ये बिल हेली या गोऱ्या गायकाकडून ‘रॉक अराउंड द क्लॉक’ करवून घेत होता. त्यामुळे हेलीच्या रेकॉर्डमध्ये जॉर्डनच्या गटाची ठेवण ऐकू आली तर नवल वाटू नये.

६. तीन शहरे, तीन खोल्या

ही पायरी सर्वांत श्रीमंत आहे. इथे आठवडाभर राहावे.

न्यू ऑर्लिन्स. कोझिमो मटासा याच्या दुकानाच्या मागच्या छोट्या खोलीत जे अँड एम नावाचा स्टुडिओ होता. १० डिसेंबर १९४९ रोजी फॅट्स डॉमिनोने तिथे ‘द फॅट मॅन’ गायले. ड्रमवर अर्ल पामर होता. चाल जुन्या ‘जंकर ब्लूज’ची आहे, पण पियानो असा काही ठणकावला आहे की बाकीचा गट त्याच्या मागे धावतो. मध्येच शब्द संपतात आणि डॉमिनो बारीक आवाजात ‘वा-वा’ असे काहीतरी गाऊ लागतो. तोंडावर झाकण धरलेल्या ट्रम्पेटची ती नक्कल आहे. त्याच खोलीत सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्डने ‘टुटी फ्रुटी’ केले आणि ड्रमवर पुन्हा पामरच होता.

या दोन रेकॉर्ड लागोपाठ ऐकून एक फरक शोधा. जुन्या पद्धतीत प्रत्येक मात्रेचे मनातल्या मनात तीन भाग होतात, पहिले दोन जोडून लांब आणि तिसरा आखूड, म्हणून लय लंगडत डुलते; याला शफल म्हणतात. लिटल रिचर्डचा उजवा हात मात्रेचे सरळ दोन समान भाग पाडतो. डुलणारी लय सरळ धावू लागली ती जागा ही. गायक-गिटारवादक चक बेरीच्या सुरुवातीच्या काही रेकॉर्डमध्ये तर गिटार सरळ चालते आणि ड्रम अजून डुलतच असतो. दोन काळ एकाच खोलीत वाजत आहेत असे वाटते. माझ्या मते या संपूर्ण संगीतातली ऐकण्याजोगी सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि ती कळायला मला फार उशीर झाला, कारण कोणी सांगितलेच नाही.

मेम्फिस. सॅम फिलिप्सचा स्टुडिओ, ७०६ युनियन अॅव्हेन्यू. मार्च १९५१ मध्ये आयक टर्नरचा गट मिसिसिपीहून तिथे आला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अॅम्प्लिफायरला इजा झाली होती. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून तसेच वाजवले गेले आणि गिटारचा आवाज फाटका, गुरगुरणारा आला. फिलिप्सला तो आवडला. त्याने तो लपवला नाही, उलट पुढे आणला. रेकॉर्डचे नाव ‘रॉकेट एटी-एट’, विषय ओल्ड्समोबिल कंपनीची मोटार. गायक जॅकी ब्रेन्स्टन असल्याने रेकॉर्डवर त्याचे नाव छापले गेले, आयक टर्नरचे नाही. हेडफोन लावून फक्त ती गिटार ऐका. ती बेसच्या जागी, खालच्या पट्टीत बूगीचा डावा हात वाजवते आहे.

शिकागो. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेली, त्यांच्याबरोबर ब्लूजही गेला. ब्लूज गायक मडी वॉटर्सला १९४१ मध्ये लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्सने मिसिसिपीत साध्या गिटारवर ध्वनिमुद्रित केले होते. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. दोन्ही काळांतले त्याचे एकेक गाणे पाठोपाठ ऐकावे. पोलंडहून आलेल्या चेस बंधूंची कंपनी याच शहरातली. मडी वॉटर्स, बो डिडली आणि चक बेरी हे तिघेही तिच्यासाठीच गायले.

७. गोऱ्यांच्या ग्रामीण संगीताचा वाटा

हा भाग थोडक्यात आटोपता येतो, पण गाळू नये. जिमी रॉजर्स १९२७ पासून ब्लूजचे आवर्तन आपल्या योडलिंगबरोबर (आवाज झटक्याने वरच्या पट्टीत नेऊन परत आणणे) गात होता. टेक्ससचा बॉब विल्स व्हायोलिनच्या गटाबरोबर नाचाची गाणी वाजवत होता. हँक विल्यम्सचे १९४७ मधील ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’ ऐकल्यावर ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची चाल डोक्यात आली नाही तर पुन्हा ऐका. ‘काळे संगीत’ आणि ‘गोरे संगीत’ हे कप्पे मुख्यतः दुकानदारांनी आणि विक्रीयाद्यांनी केलेले होते. बिलबोर्ड साप्ताहिक जून १९४९ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत असे; त्यानंतर ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव आले. वादक मात्र रेडिओवर सगळ्यांचेच सगळे ऐकत होते.

८. आता जोड्या लावा

एकच गाणे दोन गळ्यांतून ऐकणे ही माझी मुख्य शिफारस आहे.

ब्लूज गायक आर्थर क्रुडपचे १९४६ चे ‘दॅट्स ऑल राइट’ आणि जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या त्याच स्टुडिओतले एल्व्हिसचे. एल्व्हिसच्या रेकॉर्डवर ड्रम नाही. बिल ब्लॅक उभ्या बेसच्या तारा लाकडावर आपटून ठेका देतो, आणि फिलिप्सने टेपवर दिलेला झटपट प्रतिध्वनी सगळ्यावर पसरलेला आहे. क्रुडपला या गाण्याच्या रॉयल्टीचा न्याय्य वाटा हयातीत मिळाला नाही, ही नोंद वहीत असावी.

एल्व्हिसच्या त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ आहे. ग्रामीण संगीताचा गायक बिल मनरो याचे मूळ तीन मात्रांचे, एल्व्हिसचे चार मात्रांचे. सावध राहा: मनरोने १९५४ मध्ये हे गाणे पुन्हा केले आणि त्यात तो मध्येच चार मात्रांवर जातो. तुम्हाला आधीचे हवे आहे.

‘शेक, रॅटल अँड रोल’ १९५४ मध्ये बिग जो टर्नरने गायले आणि त्याच वर्षी बिल हेलीने, शब्द सौम्य करून. काय गाळले ते ओळीगणिक लिहून काढा. गोऱ्या घरांत काय चालत नव्हते याची ती यादीच होईल.

‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढणाऱ्या बाईचे गाणे होते. एल्व्हिसने १९५६ मध्ये जे गायले ते त्याने लास व्हेगासमध्ये एका गोऱ्या गटाकडून ऐकलेले, शब्द बदललेले रूप होते. दोन्ही ऐकल्याशिवाय कोणी कोणाचे काय घेतले यावर मत बनवू नये.

आपल्याकडचा एक नमुनाही या वहीत बसतो. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ केले, तेव्हा हे आवाज मुंबईत पोहोचलेले होते, आणि मुंबईच्या सिनेवाद्यवृंदांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट धरणारे अनेक हात गोव्याचे होते. पहिल्या पायरीवरची टाळी त्या गाण्यावर कुठे बसते ते स्वतः पाहा.

९. फसवणूक टाळा

मी सुरुवातीला एका दुकानातून जुन्या गाण्यांचा दोन सीडींचा संच घेतला होता. सहा महिने ऐकल्यावर कळले की त्यातील बहुतेक गाणी त्याच गायकांनी दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा गायलेली होती. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात तसे छापलेही होते. असे संच आजही आहेत आणि इंटरनेटवर तर अधिकच. लिटल रिचर्डने १९६४ मध्ये आणि चक बेरीने १९६७ मध्ये आपली जुनी गाणी दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा केली आहेत. म्हणून मूळ कंपनीचे नाव पाहा: बेरीसाठी चेस, लिटल रिचर्डसाठी स्पेशॅल्टी, डॉमिनोसाठी इम्पीरियल.

दुसरा सापळा सालाचा. अॅपवर गाण्याखाली दिसणारे साल पुष्कळदा संकलनाचे असते, ध्वनिमुद्रणाचे नव्हे. तिसरा सापळा खरखर काढून टाकलेल्या प्रतींचा. खरखरीबरोबर झांजांचा आणि खोलीचा आवाजही जातो. चौथा श्रेयाचा. चक बेरीच्या १९५५ मधील ‘मेबलीन’वर गीतकार म्हणून रेडिओ निवेदक अॅलन फ्रीडचे नाव छापलेले होते, त्याने एक ओळही लिहिलेली नव्हती, गाणे रेडिओवर वाजावे म्हणून ते श्रेय देण्यात आले होते. लेबलवरचे नाव म्हणजे निर्मात्याचे नाव असे धरून चालू नये.

१०. शेवटी चक बेरी

‘मेबलीन’ लावण्याआधी बॉब विल्सचे १९३८ चे ‘आयडा रेड’ लावा. व्हायोलिनच्या ग्रामीण गाण्यातून मोटारीच्या शर्यतीचे गाणे कसे झाले ते दिसेल. त्यामागे जॉनी जॉन्सनच्या पियानोची बूगीही ऐकू येईल. नंतर वहीतले पाचव्या पायरीचे पान उघडा, कार्ल होगनची ती १९४६ मधली सुरुवात पुन्हा ऐका आणि लगेच १९५८ चे ‘जॉनी बी. गुड’ लावा. हे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीत घालून सूर्यमालेबाहेर पाठवले आहे. त्याच्या सुरुवातीची ती गिटार होगनच्या बोटांतून निघालेली आहे, हे आता तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.